घरचं चायनीज गाडीवरच्यासारखं का लागत नाही? (फ्राइड राइस, मंचुरियन, शेजवान)

भुसावळची वहिनी · शुक्रवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मुलगा नाशिकला शिकायला आहे. सुट्टीत घरी आला की पहिल्या रात्री त्याला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी लागते, दुसऱ्या रात्री चायनीज, तेही गाडीवरचंच. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांना गाडीवर नेता येत नाही, आणि पार्सल घरी पोचेपर्यंत मंचुरियनचे गोळे मऊ पडतात, नूडल्सचा गठ्ठा होतो. नातू जे आवडीने खातो ते त्याच्या शेजारी बसून गरम गरम खायची त्यांची फार इच्छा आहे. म्हणून ठरवलं, घरीच करायचं.

दोन आठवड्यांत तीनदा केलं. सगळ्यांनी खाल्लं, कोणी नाव ठेवलं नाही, पण ती चव नाही. काय काय झालं ते सांगते, म्हणजे चूक सापडेल.

फ्राइड राइस कुकरमधल्या ताज्या भाताचा केला, तीन मोठे चमचे सोया सॉस घातला. भात चिकट, काळपट आणि खारट झाला. मंचुरियनचे गोळे तेलात सोडले की पसरायचे. मैदा वाढवला तर कडक झाले. ग्रेव्हीला कच्च्या पिठाचा वास येत होता. शेजवान चटणी बाटलीतली आणली होती, ती तिखटापेक्षा गोडच लागली.

खापरावरची पुरणपोळी मी हातावर मोठी करून न फाटता खापरावर टाकते. कोबी, भात, लसूण एवढंच सामान असताना चव का येत नाही, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे. पुढच्या रविवारी मुलगा परत जाणार. त्याआधी एकदा तरी जमायला हवं.

गाडीवर बारा वर्षं · शुक्रवार, रात्री १०.४५

वहिनी, नमस्कार. जळगावात १२ वर्षं मी चायनीजची गाडी लावली. लॉकडाऊनमध्ये बंद पडली, मग पुन्हा उभी केली नाही. आता रावेरकडे घरची केळी बघतो. तुमचा धागा वाचून झोप बाजूला ठेवली, कारण हे काम मी मनापासून केलं आहे आणि त्याबद्दल कोणी इतक्या आस्थेने विचारत नाही.

तुमच्या तिन्ही पदार्थांत बिघाड एकाच गोष्टीने केला, पाण्याने. सॉसने नाही. कुकरच्या भातात पाणी होतं, कोबीत पाणी होतं, भाज्याही धुऊन तशाच ओल्या पडल्या असतील. कढईत पाणी असलं की ते उडून जाईपर्यंत भाजी १०० अंशांच्या वर तापत नाही. तोवर ती परतली जात नाही, नुसती वाफवली जाते. गाडीवरचा तो जळका, खमंग वास वाफेतून येत नाही. तो कोरड्या, धुरावर आलेल्या लोखंडातून येतो.

आमच्याकडे १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, हाय प्रेशर रेग्युलेटर आणि भट्टीचा बर्नर असायचा. भात पडला तरी कढई थंड होत नाही. घरी तसला बर्नर कोणी लावू नका. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरचा रेग्युलेटर आणि नळी त्यासाठी नसतात, आणि भिंतीला भिंत लागलेल्या स्वयंपाकघरात भडका उडाला तर आवरायचा कसा?

घरच्या गॅसवर उपाय एकच, कमी माल टाकायचा. चार माणसांचा भात चार वेळा करा. हे ऐकून बायका वैतागतात, पण एका घाण्याला ३ मिनिटं लागतात. चिराचिरी आधी झालेली असेल तर बारा-पंधरा मिनिटांत चार ताटं निघतात. चौघांचा भात एकदम टाकलात की कढई थंड पडते, भात पाणी सोडतो आणि झालाच सांजा.

कढई लोखंडी किंवा बिडाची घ्या. नॉनस्टिक रिकामी तापवायची नसते, त्यामुळे या कामाला ती बाद. कढई कोरडी करून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं ठेवा. हलका धूर दिसला की तेल, तेल फिरवलं की बारीक चिरलेला लसूण. दहा मोजा. लसणाची कड सोनेरी होते न होते तोच गाजर-फरसबी, मग कोबी, शेवटी ढोबळी मिरची. झाऱ्याने सारखं हलवू नका. आठ-दहा सेकंद तसंच राहू द्या, मग उलथा. जो डाग पडतो तीच चव.

भात पडल्यावर मीठ, पांढऱ्या मिऱ्याची पूड, चिमूटभर साखर. सोया सॉस भातावर ओतायचा नाही, कढईच्या तापलेल्या कडेवर फिरवायचा. तिथे तो चर्र होतो, त्याचा कच्चा वास जातो आणि मग भातात मिसळतो. दोन माणसांच्या भाताला एक लहान चमचा पुरे. तुम्ही तीन मोठे घातलेत, म्हणजे जवळजवळ नऊ लहान! गाडीवरचा साधा फ्राइड राइस आठवा, तो पांढराच असतो. व्हिनेगर अर्धा चमचा, गॅस बंद करताना. पातीचा कांदा त्यानंतर.

गोळ्यांचं उद्या लिहितो. ते लांबलचक आहे.

रोजचा डबा, धुळे · शुक्रवार, रात्री ११.०५

दादा, कढईच्या कडेवर सॉस फिरवायचं वाचलं आणि उठून उरलेल्या भातावर करून पाहिलं. वास लगेच बदलला. इतक्या वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं.

वहिनी, तुमच्या ग्रेव्हीबद्दल एक शंका. कॉर्नफ्लोअर म्हणून गिरणीतून दळून आणलेलं मक्याचं पीठ तर नव्हतं ना? माझ्या जावेने तसं केलं होतं. आपल्याकडे मका घरोघरी, त्यामुळे साहजिक आहे. ते पिवळं, भाकरीचं पीठ. ग्रेव्हीला लागतं ते पांढरंशुभ्र, बोटांत घेतलं की करकरणारं स्टार्च.

भुसावळची वहिनी · शनिवार, सकाळी ७.३०

ताई, अगदी तेच! घरचा मका दळून आणला होता. पिठाचा वास कुठून येत होता ते आज कळलं.

शाळेत विज्ञान · शनिवार, सकाळी ८.१५

मी जळगाव जिल्ह्यात विज्ञान शिकवते, म्हणून हा भाग माझ्या आवडीचा. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याच्या दाण्यातलं शुद्ध स्टार्च. त्याचे बारीक कण थंड पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात. म्हणून आधी थंड पाण्यातच कालवायचं. गरम पाण्यात टाकलं की कणांचा बाहेरचा थर फुगून चिकटतो आणि आत कोरडं पीठ राहतं, त्याच गुठळ्या. ६५-७० अंशांच्या आसपास कण पाणी पिऊन फुगू लागतात आणि रस दाट होतो. उकळी आली की अर्धा मिनिट पुरे.

पुढे उकळत ठेवलं तर फुगलेले कण फुटतात आणि ग्रेव्ही परत पातळ होते. आंबटाने तर आणखी लवकर, कारण आम्ल स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. दादांनी व्हिनेगर शेवटी घालायला सांगितलं आहे, त्याचा इथेही फायदा होतो. एक वाटी पाण्याला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घेतलं तर भाताबरोबर कालवता येईल अशी ग्रेव्ही होते.

आणखी एक. ग्रेव्ही चाखलेला चमचा परत भांड्यात घालू नका. आपल्या लाळेत अमायलेज असतं, ते स्टार्च पचवायला लागतं. रात्री दाट असलेली ग्रेव्ही सकाळी पाण्यासारखी दिसते, त्याचं हेही एक कारण असतं. माझ्या वर्गात हा प्रयोग मुलांना सगळ्यांत जास्त आवडतो.

गाडीवर बारा वर्षं · शनिवार, दुपारी १.२०

मॅडम, आम्ही चाखायला वेगळा चमचा ठेवायचो तो स्वच्छतेसाठी. ग्रेव्ही का टिकायची ते आज कळलं.

आता गोळे. अर्धा किलो कोबी किसायचा नाही, सुरीने अगदी बारीक चिरायचा. किसला की त्याचा लगदा होतो आणि सगळं पाणी बाहेर येतं. एक गाजर मात्र किसून चालतं. एक लहान चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मग सुती फडक्यात बांधून घट्ट पिळा. चांगला अर्धी वाटी तरी रस निघतो. तो फेकू नका, ग्रेव्हीला तोच वापरा, त्यात कोबीची गोडी आणि मीठ दोन्ही आहे. तेवढं मीठ ग्रेव्हीत कमी घाला.

पिळलेल्या कोबीत बारीक लसूण, आलं, हिरवी मिरची, मिरेपूड. मग मैदा आणि कॉर्नफ्लोअर, दोनास एक या मापाने. पीठ थोडं थोडं घालत जा आणि गोळा मुठीत जेमतेम बांधला गेला की थांबा. माझ्या हाताला अर्धा किलो कोबीला सहा मोठे चमचे मैदा आणि तीन कॉर्नफ्लोअर लागायचं, पण हे कोबीवर आहे. पावसाळ्यातल्या कोबीला जास्त लागतं. पीठ मिसळल्यावर लगेच तळायला घ्या. थांबलात तर कोबी पुन्हा पाणी सोडतो, मग तुम्ही आणखी मैदा घालता आणि तिथेच गोळा दगड होतो. लिंबाएवढे गोळे करा, दाबून वळू नका.

तळायचं दोनदा. पहिल्यांदा मध्यम आचेवर, आत शिजेपर्यंत, रंग फिका असतानाच काढा. दहा मिनिटं गार होऊ द्या. तेवढ्यात आतली वाफ बाहेर येऊन वरचं कवच ओलसर होतं. दुसऱ्यांदा कडक तेलात एक मिनिट, म्हणजे तो ओलावा उडतो. गाडीवर सगळे गोळे दुपारी एकदा तळून ठेवलेले असतात आणि गिऱ्हाईक आलं की दुसऱ्यांदा पडतात. लोकांना वाटतं ते आमच्या सोयीसाठी. सोय आहेच, पण कुरकुरीतपणाही त्यानेच येतो.

ग्रेव्ही चार माणसांची: तीन मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे बारीक लसूण, एक आलं, तीन-चार हिरव्या मिरच्या, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग. हे मोठ्या आचेवर अर्धा मिनिट. मग एक मोठा चमचा सोया सॉस, एक टोमॅटो सॉस, एक लहान चमचा साखर, कोबीचा रस आणि पाणी मिळून दोन वाट्या. उकळी आली की दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून धार सोडायची. पारदर्शक झाली की व्हिनेगर, गॅस बंद. गोळे ताटात वाढायच्या वेळी घाला. आजींना मऊ हवे असतील तर त्यांच्यापुरते पाच मिनिटं आधी.

भुसावळ जंक्शन · शनिवार, दुपारी ३.००

मी दवाखान्यात परिचारिका आहे. भाताबद्दल कळकळीने सांगते. फ्राइड राइसला शिळा भात चांगला हे खरं, पण रात्रभर ओट्यावर ठेवलेला नको. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, भात उकळला तरी ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष दुसऱ्या दिवशी कितीही परतलं तरी जात नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, रात्रीही घर निवत नाही. ओट्यावरचा भात म्हणजे त्या जंतूंना हवं तसं घर.

भात मोकळा शिजवा, दोन ताटांत पातळ पसरा, पंख्याखाली वाफ जाऊ द्या आणि तासाभराच्या आत उघड्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये वरचा ओलावाही सुकतो आणि दाणा घट्ट होतो, म्हणजे चवीलाही तेच हवं. दुसऱ्याच दिवशी वापरून टाका. ज्येष्ठ माणूस घरात आहे म्हणून आवर्जून लिहिलं.

पथारीशेजारी, नंदुरबार · शनिवार, रात्री ८.४०

शेजवानबद्दल अजून कोणी बोललं नाही, म्हणून मी लिहितो. मिरचीच्या गावचा माणूस गप्प कसा बसेल!

हिवाळ्यात नंदुरबारला आलात तर गावाबाहेर मोकळ्या जागेवर ओली लाल मिरची वाळत घातलेली दिसेल. त्या जागेला आम्ही पथारी म्हणतो. तिथून वाळून, निवडून, देठ काढून मिरची देशभर जाते. एवढी मिरची दारात असताना बाटलीतली गोड चटणी आणायची, हे मला पटत नाही. आम्हना घरमा आते बाटली येत नही.

तिखट सुकी मिरची ३० ग्रॅम आणि रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी ३० ग्रॅम. नुसती आपली घातली तर लसणाची चव कळत नाही आणि नुसती ब्याडगी घातली तर खान्देशी माणसाला ती चटणीच वाटत नाही. बिया झटकून मिरची कडकडीत पाण्यात अर्धा तास भिजवायची. मग पूर्ण निथळायची. गाडीवाल्या दादांचं पाण्याचं सूत्र इथेही लागू आहे, कारण मिरचीबरोबर पाणी वाटलं गेलं तर चटणी तासभर परतावी लागते. मिक्सर फिरत नसेल तर पाण्याऐवजी दोन चमचे व्हिनेगर घाला.

लसूण १०० ग्रॅम. निम्मा मिरचीबरोबर वाटायचा, निम्मा हाताने बारीक चिरायचा. आलं ५० ग्रॅम चिरून. तेल दीडशे मिली, आमच्याकडे शेंगदाण्याचं. तेल मध्यम तापलं की चिरलेला लसूण आणि आलं मंद आचेवर, रंग न बदलू देता, नुसता वास सुटेपर्यंत. मग वाटण, आणि आता घाई नको. मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं हलवत राहा. आधी तेल दिसेनासं होतं, मग कडेने सुटायला लागतं. शेवभाजीची तर्री ओळखणाऱ्या माणसाला ही खूण वेगळी सांगायला नको. तेव्हा मीठ, दोन लहान चमचे साखर, एक लहान चमचा सोया सॉस आणि वाटताना घातलं नसेल तर दोन मोठे चमचे व्हिनेगर. कोथिंबिरीची कोवळी देठं बारीक चिरून घातली तर छान लागतात.

फ्रिजमध्येच ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. तेलाखाली बुडालेला लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं असतं. हवा न लागणाऱ्या जागी बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि वासावरून ते कळत नाही.

आप्पा, यावल · रविवार, सकाळी ६.५०

सगळ्यांचं लिखाण वाचलं. कष्टाने लिहिलंय, मान्य. पण माझे दोन आक्षेप आहेत. एक, गाडीवरची चव म्हणता ती अजिनोमोटोची. त्याबद्दल कोणीच बोललं नाही, आणि ती पांढरी पूड नातवंडांच्या पोटात जाऊ नये असं मला वाटतं. दोन, हे चायनीज चीनमध्ये कोणी खात नाही. मग नावाला तरी काय अर्थ? त्यापेक्षा फौजदारी डाळ करा, बट्टी करा.

शाळेत विज्ञान · रविवार, सकाळी ९.००

आप्पा, तुमची काळजी समजते. माझ्या वडिलांनाही तीच होती, म्हणून मी मुद्दाम वाचून काढलं. १९०८ साली टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. अजिनोमोटो म्हणजे याच ग्लुटामेटचा सोडियमचा क्षार. पिकलेल्या टोमॅटोत, मुरलेल्या चीजमध्ये, आईच्या दुधातही ग्लुटामेट असतंच. १९६८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं, चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं असं. भीती तिथून जगभर गेली. पुढे खाणाऱ्याला न सांगता, नीट तुलना करून चाचण्या झाल्या. जेवणात घालतात तेवढ्या प्रमाणाने ठरावीक त्रास होतो असं त्यांत दिसलं नाही.

मात्र रक्तदाब असेल तर एकूण सोडियमकडे लक्ष हवं. अजिनोमोटोत सोडियम १२ टक्के, मिठात ३९. खरा मारा सोया सॉसचा असतो, तो फार खारट. आजींच्या ताटात सॉस घातला असेल तर मीठ घालूच नये.

गाडीवर बारा वर्षं · रविवार, सकाळी ९.४०

आप्पा, मी गाडीवर घालायचो, एका प्लेटला चिमूटभर. लपवत नाही. पण घरी लागणार नाही. कोबीचा रस, थोडा टोमॅटो सॉस आणि सोया सॉस मिळून तेच काम होतं. गाडीवर खरी काळजी करायची तर तळणीच्या तेलाची करा. तेल काळं, घट्ट झालं आणि त्याला फेस यायला लागला की ते फेकायचं असतं. घरी ते तुमच्या हातात आहे, म्हणूनच वहिनींचा विचार मला आवडला.

नावाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. हे चीनमधलं नसेल, पण चिनी माणसांनीच केलेलं आहे. कोलकात्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेली हक्का चिनी कुटुंबं आहेत, आधी टिरेटा बाजारात, मग टांगरात. टांगरात त्यांचे चामडं कमावायचे कारखाने होते. इथे मिळेल त्या भाजीत, इथल्या मिरचीत त्यांनी आपलं जेवण बसवलं. आपण 'हक्का नूडल्स' म्हणतो ते नाव त्यांचं. कोलकात्यातच जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईत स्वयंपाकी होते. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात गिऱ्हाइकाने काही नवीन मागितलं, तेव्हा लसूण, आलं, हिरवी मिरची घेऊन त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं आणि चिकन मंचुरियन झालं, असं ते सांगत. मंचुरियाशी त्याचा संबंध नाही. पण एवढ्या लोकांनी मनापासून शिजवलेलं आणि खाल्लेलं जेवण खोटं कसं म्हणायचं?

पुण्यातून खान्देश · रविवार, सकाळी ११.१५

मी मूळची चोपड्याकडची. आप्पांच्या मुद्द्याला धरून, सिचुआन या चिनी प्रांतातलं जेवण आणि आपलं शेजवान यांतला फरक सांगते, कारण ते जेवण खान्देशी माणसाला फार जवळचं वाटेल.

तिथे दोन गोष्टी मुख्य. एक, मोठ्या घेवड्यासारख्या बियांपासून मिरची घालून महिनोन् महिने आंबवलेली दोबानज्यांग नावाची लाल चटणी. दुसरी, तोंडाला मुंग्या आणणारं ह्वाजाव. तेही आपल्या कोकणातल्या तिरफळाच्याच वंशातलं. तिरफळ कोरडं भाजून, काळ्या बिया टाकून, साल कुटून वरच्या शेजवान चटणीत पाव चमचा घाला. जिभेला मुंग्या येतात आणि तिखट अंगावर येत नाही. मिरची मात्र तिथेही बाहेरूनच गेली, आपल्याकडे आली तशीच, अमेरिका खंडातून.

दोन पदार्थ सुचवते. पहिला कुंग पाव. सिचुआनचे एक गव्हर्नर होऊन गेले, डिंग बाओझेन (१८२०-१८८६). त्यांच्या मानाच्या पदवीवरून हे नाव पडलं. कोंबडीचे छोटे तुकडे, सुक्या लाल मिरच्या, ह्वाजाव आणि भाजलेले शेंगदाणे! शेंगदाणे आणि सुकी मिरची हे वाचल्यावर मला माझ्या आईचं स्वयंपाकघरच आठवलं. आमच्याकडे पनीर घालून करतो. सॉस आधी वाटीत कालवून ठेवायचा: सोया एक चमचा, व्हिनेगर एक, साखर एक, कॉर्नफ्लोअर अर्धा, पाणी दोन चमचे. शेंगदाणे गॅस बंद केल्यावर.

दुसरा युशियांग वांगं. नावाचा अर्थ 'माशाच्या वासाचं', पण मासा त्यात नसतो. माशाला लावायचा तोच आंबट-गोड-तिखट रस वांग्याला लावतात. लसूण, आलं, पातीचा कांदा आणि वांगं, म्हणजे भरिताचंच सामान झालं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे इथे सगळ्यांना माहीत आहेच. तेच हिरवं वांगं बोटाएवढं कापून, मीठ लावून, पाणी पुसून तेलात परतायचं, मग चटणी आणि वरच्याच मापाचा रस. गर लोण्यासारखा होतो. माझ्या मते खान्देशातल्या घरात करण्यासारखं सगळ्यांत चांगलं चायनीज हेच.

आप्पा, यावल · रविवार, दुपारी १२.३०

वांग्याचं करून बघायला सांगतो सुनेला. घरची वांगी आहेत. बाकी शाळेच्या मॅडमने नीट समजावलं, आभारी आहे.

रोजचा डबा, धुळे · रविवार, दुपारी १.१०

चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण नसतं. तेव्हा काय करावं?

गाडीवर बारा वर्षं · रविवार, दुपारी १.२५

ताई, जैन गिऱ्हाइकांसाठी आम्ही कोबीची पांढरी देठं आणि कोथिंबिरीची देठं बारीक चिरून कडक तेलात घालायचो, मिरी दुप्पट. आलं चालत असेल तर तेही वाढवा. लसणाची जागा पूर्ण भरत नाही, पण चव बसते. कढई मात्र त्यांच्यापुरती वेगळी ठेवायचो.

भुसावळची वहिनी · रविवार, रात्री १०.२०

आज केलं. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी तेवढंच सविस्तर लिहिलंत.

भात काल संध्याकाळी पसरून फ्रिजमध्ये ठेवला होता. भाज्या सकाळीच धुऊन सुती पंचावर वाळवल्या. कोबीतून पाऊण वाटी रस निघाला! आजवर तो सगळा मी पिठाने शोषून घ्यायचा प्रयत्न करत होते. गोळा एकही फुटला नाही. फ्राइड राइस पाच वेळा केला, एकेका माणसाचा. पहिला घाणा मी आचेला घाबरून लवकर उतरवला, तो साधाच झाला. दुसऱ्यापासून हात बसला. सोया सॉस कडेवर फिरवला तेव्हा मुलगा बाहेरच्या खोलीतून उठून आत आला आणि म्हणाला, 'आई, गाडीचा वास आला.'

सासूबाईंना मीठ न घालता वेगळा घाणा केला. त्यांनी दोन गोळे खाल्ले, तिसरा नातवाने त्यांच्या ताटात वाढला.

शेजवान चटणी नंदुरबारच्या भाऊंच्या मापाने केली. मुलगा डबाभर हॉस्टेलला नेतो म्हणतोय. तिथे त्याच्या खोलीत फ्रिज नाही. चार-पाच दिवस बाहेर टिकेल अशी काही युक्ती आहे का?

पथारीशेजारी, नंदुरबार · रविवार, रात्री १०.५०

वहिनी, वाचून फार बरं वाटलं. पण ओल्या लसणाची, तेलातली चटणी बाहेर ठेवायला देऊ नका, एक दिवसही नाही. त्याऐवजी कोरडी द्या. सुकी मिरची मंद आचेवर भाजून, लसूण पातळ चकत्या करून मंद तेलात पूर्ण कुरकुरीत तळून, दोन्ही गार झाल्यावर मीठ, साखर आणि भाजलेले शेंगदाणे घालून भरड कुटायचं. ओलावा अजिबात नको, बरणी आणि चमचाही कोरडा. भातावर, नूडल्सवर वरून टाकली की झालं. ओली चटणी घरीच ठेवा, आजींना मंचुरियनबरोबर होईल.

गाडीवर बारा वर्षं · रविवार, रात्री ११.१५

वहिनी, 'गाडीचा वास आला' हे वाक्य मी घरात दोनदा वाचून दाखवलं.

मुलगा पुढच्या सुट्टीत नूडल्स मागेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. भरपूर पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी काढा, मधोमध किंचित कच्चं राहिलं पाहिजे. लगेच गार पाण्याखाली धुवा, चाळणीत दहा मिनिटं निथळा, दोन चमचे तेल हाताने चोळा आणि ताटात पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडे होऊ द्या. परतताना झारा नको, दोन काटे किंवा चिमटा घेऊन वर उचलत राहा, म्हणजे तुटत नाहीत. सॉस तसाच, कढईच्या कडेवरून.